येताना क्लिक, जाताना हेलपाटे!

प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की कॉलेजच्या कट्ट्यावर दुसरा विषय नसतो. कोणाचा रेझ्युमे शॉर्टलिस्ट झाला, कोणाची ऑनलाइन टेस्ट नेट गेल्यामुळे अर्ध्यात लटकली, कोणाला रात्री अकरा वाजता ‘रिग्रेट’चा मेल आला. तुम्हीही यातून जात असाल तर एक गोष्ट लक्षात आली असेल. अर्ज भरणं, टेस्ट, रेकॉर्डेड व्हिडीओ इंटरव्ह्यू, कागदपत्रांची पडताळणी, ऑफर लेटरवरची डिजिटल सही... या सगळ्या प्रवासात कंपनीतला हाडामांसाचा माणूस तुमच्यासमोर येतो फार तर एकदा किंवा दोनदा. बाकी सगळं पोर्टल करतं.

कंपन्यांच्या भाषेत याला ‘एचआर ट्रान्सफॉर्मेशन’ म्हणतात. हजेरी, रजा, पगार, अप्रेझल, ट्रेनिंग हे सगळं एका सिस्टिममध्ये. आधी यासाठी फायलींची कपाटं लागायची, आता मोबाइल पुरतो. मनुष्यबळ विभाग आधुनिक झालाय यात वादच नाही. प्रश्न एवढाच आहे की तो कोणत्या बाजूने आधुनिक झालाय?

हे तपासायचं असेल तर नुकतीच नोकरी लागलेल्या सीनियरला विचारू नका. नुकतीच नोकरी सोडलेल्या सीनियरला विचारा. शेवटचा पगार कधी आला? रिलिव्हिंग लेटर किती मेल केल्यावर मिळालं? पीएफ ट्रान्सफर झाला का? ज्या सिस्टिमने त्याला एका क्लिकवर आत घेतलं, त्याच सिस्टिममध्ये बाहेर पडताना कोणी फोन उचलत नाही, अशी तक्रार तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. कंपनीला घाई असते तिथे सॉफ्टवेअर धावतं, आणि कर्मचाऱ्याला घाई असते तिथे ‘प्रोसेस सुरू आहे’. सध्या देशात जे कायदे बदलतायत ते नेमके या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारे आहेत, म्हणून हा विषय आत्ता समजून घ्यायला हवा.

जॉबर गेला, पोर्टल आलं

माणसं कामावर घ्यायची पद्धत बदलण्याची ही काही पहिली वेळ नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये एकेकाळी भरती जॉबरच्या हातात असायची. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम. माणूस कामावर लावणार तो, रजा देणार तो आणि काढून टाकणाराही तोच. गावाकडची ओळख, नातं, जात आणि वर द्यावी लागणारी दस्तुरी, यावर कोणाला काम मिळणार हे बरंचसं ठरायचं.

१९३४ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा होऊन गिरणी कामगारांसाठी सरकारी लेबर ऑफिसर नेमला गेला. गिरण्यांनीही स्वतःचे लेबर ऑफिसर नेमायला सुरुवात केली. १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्ड देण्याची पद्धत आली. कार्ड असलेल्याने रोज सकाळी गिरणीत हजर व्हायचं आणि त्या दिवशीच्या रिकाम्या जागा या लोकांमधूनच भरायच्या. जॉबरची मनमानी त्यामुळे थोडी कमी झाली, संपली नाही. पण एक गोष्ट पक्की झाली. कामगाराची नोंद आता एका माणसाच्या मर्जीतून निघून कागदावर आली.

आजची एचआर सिस्टिम ही त्याच कार्डाची नातवंडं-पतवंडं आहेत. प्रत्येक वेळी पद्धत बदलते तेव्हा कोणाच्या तरी हातातली सत्ता दुसऱ्या कोणाकडे तरी जाते. जॉबरच्या हातातली लेबर ऑफिसरकडे गेली, त्याच्याकडून पर्सोनेल मॅनेजरकडे, तिथून एचआरकडे. आता ती सॉफ्टवेअरमध्ये नियम भरणाऱ्याकडे चालली आहे. जॉबर निदान दिसायचा तरी. हा माणूस दिसत नाही.

चाळणी नवी, नियम जुनेच

रेझ्युमे अपलोड केल्यावर नेमकं काय होतं ते पाहू. बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे अर्जांचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर असतं, त्याला एटीएस म्हणतात. ते तुमच्या फाइलमधला मजकूर वाचतं आणि नाव, शिक्षण, अनुभव, कौशल्यं अशा रकान्यांमध्ये टाकतं. मग रिक्रूटर त्यात शब्द टाकून शोधतो किंवा सॉफ्टवेअर जाहिरातीशी ताडून क्रम लावून देतं. तुम्ही हौसेने केलेली दोन कॉलमची, आयकॉन आणि ग्राफ असलेली रंगीत डिझाइन इथे अनेकदा घात करते, कारण मजकूर चुकीच्या रकान्यात जातो किंवा वाचलाच जात नाही.

‘रोबोट आपला रेझ्युमे फाडून टाकतो’ अशी भीती मात्र थोडी अतिरंजित आहे. बऱ्याचदा अर्ज बाद होतो तो माणसाने घातलेल्या अटीमुळे. ‘दहावी, बारावी आणि डिग्री, तिन्हीकडे ६० टक्के’, ‘एकही बॅकलॉग नको’, ‘शिक्षणात गॅप नको’. या अटी सॉफ्टवेअरच्या जन्माआधीपासूनच्या आहेत. फरक असा की पूर्वी बारावीला ५८ टक्के असलेल्या मुलीसाठी कॉलेजचे प्लेसमेंटचे सर फोन करून म्हणू शकायचे, ‘एकदा भेटून तर बघा.’ आता ती मुलगी यादीत येतच नाही, त्यामुळे फोन करायचा कोणासाठी? जुना नियम नव्या मशीनमध्ये घातला की तो आधुनिक होत नाही. तो फक्त न चुकता लागू होतो.

एआय आल्यावर गुंता आणखी वाढतो. ॲमेझॉनने रेझ्युमेला गुण देणारं एक टूल बनवायला घेतलं होतं. आधीच्या दहा वर्षांत आलेले अर्ज त्याला शिकवण्यासाठी वापरले. त्यातले बहुतेक अर्ज पुरुषांचे. मशीन तेच शिकलं. रेझ्युमेमध्ये ‘विमेन्स’ हा शब्द दिसला, म्हणजे एखादी मुलगी मुलींच्या चेस क्लबची कॅप्टन असली, तरी ते गुण कमी करायचं. हा प्रकल्प कंपनीने गुंडाळला आणि ‘रॉयटर्स’ने ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याची बातमी दिली. व्हिडीओ इंटरव्ह्यूचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीनेही उमेदवारांच्या चेहऱ्याचं विश्लेषण करणं बंद करत असल्याचं जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं.

बाहेरचे देश आता नियम करतायत. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून भरतीत असं टूल वापरायचं तर त्यात भेदभाव होतो का, याचं दरवर्षी त्रयस्थ ऑडिट करावं लागतं, आणि उमेदवाराला आधी कळवावं लागतं. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने भरती आणि नोकरीतल्या एआयला ‘हाय रिस्क’ गटात टाकलंय. कामाच्या ठिकाणी चेहरा-आवाजावरून भावना ओळखणाऱ्या एआयवर तर तिथे फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. आपल्याकडे भरतीतल्या एआयसाठी असा वेगळा कायदा नाही. म्हणजे ‘मला का नाकारलं?’ याचं उत्तर द्यायला कंपनी सहसा बांधील नसते.

दोन दिवसांत हिशोब

आता बाहेर पडण्याच्या दाराकडे येऊ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. जुने २९ केंद्रीय कायदे त्यात एकत्र केले आहेत. यावर कामगार संघटनांचे मोठे आक्षेप आहेत, विशेषतः कामगार कपात आणि संपाच्या नियमांवर, आणि ते आक्षेप हलके नाहीत. पण पहिली नोकरी करणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने त्यातल्या चार गोष्टी माहीत असायलाच हव्यात.

पहिली, नियुक्तीपत्र. ‘जॉइन तर हो, लेटर नंतर बघू’ हे चालणार नाही. लेखी नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे.

दुसरी, शेवटचा हिशोब. राजीनामा दिला किंवा काढून टाकलं, तर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं. आजवर ‘फुल अँड फायनल’साठी महिना-दीड महिना लावणं हा अनेक ठिकाणी रिवाजच होता. हजेरी एका एक्सेल शीटमध्ये, रजा दुसरीकडे, लॅपटॉप परत केल्याची नोंद आयटीवाल्यांकडे, ॲडव्हान्सचा हिशोब अकाउंट्समध्ये. हे सगळं गोळा करून दोन दिवसांत आकडा काढायचा तर सिस्टिम खरोखर जोडलेली हवी. खरं आधुनिकीकरण म्हणतात ते हे!

तिसरी, ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबायची गरज नाही, एक वर्ष पुरेसं आहे. आज कितीतरी फ्रेशर्सना एक-दोन वर्षांच्या करारावर घेतलं जातं, त्यांच्यासाठी हे मोठं आहे.

चौथी, पगाराची व्याख्या. बेसिक कमी दाखवून बाकी रक्कम भत्त्यांमध्ये वाटण्याची जुनी युक्ती आहे. आता साधारणपणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. समजा तुमचा महिन्याचा एकूण पगार ३० हजार आणि बेसिक ९ हजार. तुमच्या खिशातून १२ टक्क्यांनी पीएफ कापला जायचा १,०८० रुपये. वेतन १५ हजार धरलं तर तो होतो १,८०० रुपये. हातात येणारी रक्कम थोडी कमी, पण कंपनीचा वाटाही तेवढाच वाढतो आणि ग्रॅच्युइटीही मोठ्या रकमेवर मोजली जाते. म्हणून ऑफर आली की सीटीसीचा आकडा स्टेटसला टाकण्याआधी त्याची फोड मागून घ्या. कंपनीचा पीएफचा वाटा सीटीसीच्या आत धरलाय की बाहेर, हेही विचारा.

कायदा आला म्हणजे तो प्रत्येक ऑफिसात दुसऱ्या दिवसापासून दिसतो असं नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण विचारण्यासाठी हातात काहीतरी आहे.

आडनाव आधी की नाव आधी?

सिस्टिम एकमेकींशी बोलायला लागल्या की एक नवीनच डोकेदुखी सुरू होते. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पॅनवर कधी मधलं नाव पूर्ण, कधी गायब. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आणखी एक फाटा. फायलींच्या काळात क्लार्क हे बघून ‘चालतंय’ म्हणायचा. मशीनला ‘चालतंय’ कळत नाही. त्याच्यासाठी ही दोन वेगळी माणसं असू शकतात.

याची झळ सगळ्यात जास्त बसते ती पीएफमध्ये. २०१४ पासून प्रत्येक सदस्याला १२ आकडी यूएएन मिळतो. नोकरी बदलली तरी नंबर तोच राहतो. कल्पना उत्तम. पण आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव जुळलं नाही की पैसे काढण्याचा किंवा ट्रान्सफरचा अर्ज अडकतो. पूर्वी दुरुस्तीसाठी जुन्या कंपनीची सही लागायची, आणि सोडून गेलेल्या माणसासाठी सही करायची घाई कोणाला असणार? जानेवारी २०२५ मध्ये ईपीएफओने यात बदल केला. १ ऑक्टोबर २०१७ किंवा त्यानंतर यूएएन मिळालेला आणि आधार जोडलेला असेल, तर नाव, जन्मतारीख वगैरे दुरुस्त्या सदस्य स्वतः ऑनलाइन करू शकतो. चूक दुरुस्त करायची किल्ली ज्याचं नाव आहे त्याच्याच हातात. सिस्टिम अशीही बनवता येते, हे यातून दिसतं.

आणि हा प्रश्न आपल्याकडे वाढणारच आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचंही नाव येतं. बाळाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. चार भागांचं नाव फर्स्ट-मिडल-लास्टच्या तीन रकान्यांत बसवायचं कसं? ही मुलं नोकरीला लागतील तोपर्यंत कोणीतरी फॉर्म बदलायला हवा. तो ‘कोणीतरी’ तुमच्यापैकीच एखादा इंजिनीअर किंवा एचआरवाली असेल.

ॲप हाच साहेब

तुमच्या वर्गात कोणी संध्याकाळी फूड डिलिव्हरी करत असेल तर त्याला हा लेख समजावून सांगायची गरज नाही. त्याचा एचआर म्हणजे मोबाइलमधलं ॲपच. काम तेच देतं, रेटिंग तेच करतं आणि एक दिवस आयडी ब्लॉकही तेच करतं. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये अशी ७७ लाख माणसं काम करत होती आणि २०२९-३० पर्यंत हा आकडा २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. म्हणजे ज्या पद्धतीत एचआरमध्ये माणूसच नाही, त्या पद्धतीत येत्या काळात कोट्यवधी लोक काम करणार आहेत.

सामाजिक सुरक्षा संहितेत या कामगारांची पहिल्यांदा व्याख्या झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची, अशी तरतूद आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदे केले. कर्नाटकच्या कायद्यात काम बंद करण्याआधी कारणासह १४ दिवसांची नोटीस देण्याची अट आहे, आणि आपोआप निर्णय घेणारी यंत्रणा कशी चालते याची माहिती कामगाराला द्यायची आहे. कारण सांगा, वेळ द्या, एवढंच. पण पर्मनंट नोकरीवाल्यांनीही हेवा करावा अशी ही मागणी आहे.

ऑफिसातलंही चित्र फार वेगळं नाही. हजेरीसाठी सेल्फी, फिल्डवर असाल तर लोकेशन, वर्क फ्रॉम होम असेल तर स्क्रीनवर नजर. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. पण त्यात एक बारीक मेख आहे. नोकरीच्या कारणासाठी लागणारी माहिती कंपनी तुमच्या वेगळ्या संमतीशिवाय वापरू शकते. आणि आपली माहिती बघण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा हक्क मात्र कायद्याने मुख्यतः संमतीने दिलेल्या माहितीशी जोडलाय. तक्रार करण्याचा मार्ग आहे, पण फाइलमध्ये आपल्याबद्दल काय लिहिलंय हे बघण्याची वाट अरुंदच.

त्यांचीही बाजू

एचआरमध्ये काम करणाऱ्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण खरं नाही. एका जागेसाठी हजारो अर्ज येतात आणि ते वाचायला तीन-चार माणसं असतात. माणसाने निवडलं की न्याय होतो असंही नाही. ‘आपल्या कॉलेजचा’, ‘आपल्या गावचा’, ‘आपल्यातला’ बघून घेण्याची सवय जॉबरसोबत गेली नाही. चांगली सिस्टिम ही सवय मोडू शकते. तिने पगार वेळेवर होतो, रजेसाठी साहेबाचा मूड बघावा लागत नाही, दूरच्या तालुक्यातल्या मुलीला पुण्या-मुंबईला चकरा न मारता टेस्ट देता येते. हे फायदे खरे आहेत आणि ते कोणालाच परत द्यायचे नाहीयेत.

म्हणूनच भांडण सॉफ्टवेअरशी नाही. मागणी एवढीच की त्याचा वेग दोन्ही बाजूंना सारखा असावा. दहा सेकंदांत अर्ज बाद करता येतो, तर कारणही दोन ओळींत सांगता यावं. रोजची हजेरी मिनिटागणिक मोजता येते, तर जास्तीचे तासही मोजता यावेत. आत घेताना चेहरा ओळखता, तर निरोप देतानाही ओळख ठेवा.

मग तुम्ही काय करायचं?

तुमच्या हातात असलेली कामं आजच करा. आधार, पॅन, मार्कशीट आणि बँक खात्यावरचं नाव-जन्मतारीख जुळवून घ्या. पहिल्या नोकरीच्या आधी हे सोपं असतं, नंतर नाही. मार्कशीट आणि डिग्री डिजिलॉकरमध्ये आहे का बघा. रेझ्युमे साधा, एका कॉलमचा ठेवा आणि जाहिरातीतले शब्द खरे असतील तिथेच वापरा. नोकरी लागल्यावर ऑफर लेटर, नियुक्तीपत्र, दर महिन्याची सॅलरी स्लिप आणि राजीनाम्याचा मेल स्वतःच्या खात्यावर जपून ठेवा. नोकरी सुटली की कंपनीचं लॉगिन त्याच दिवशी बंद होतं, आणि तुमचाच पुरावा तुम्हाला दिसेनासा होतो. यूएएन एकच ठेवा, नवीन कंपनीत दुसरा बनू देऊ नका.

आणि कॉलेजमध्ये प्री-प्लेसमेंट टॉक झाल्यावर ‘कोणाला काही प्रश्न?’ असं विचारलं जातं, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात. यंदा कोणीतरी हात वर करा. निवडीत एआय वापरता का, नाकारलं तर पुन्हा तपासून बघायला माणूस आहे का, पगाराची फोड कशी आहे, हे विचारा. आणि शेवटी हेही विचारा, ‘सर, तुमच्याकडून कोणी सोडून गेलं की त्याचा हिशोब किती दिवसांत होतो?’ जॉइन व्हायच्या आधीच सोडण्याची भाषा कशाला, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. त्या उत्तराला किती वेळ लागतो, त्यावरून तुम्हाला त्या कंपनीबद्दल बरंच काही कळेल.